बघणाऱ्याचीही जबाबदारी : चार चित्रपट आणि आपण



मिस्साच्या आरंभी पापकबुलीच्या प्रार्थनेत आपण विचार, शब्द आणि कृती यांनी केलेली पापे कबूल करतो. त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट आपण कबूल करतो, ती म्हणजे जे करायला हवे होते ते केले नाही. पहिल्या तीन गोष्टी आठवायला सोप्या आहेत. चौथी सहसा आठवत नाही, कारण त्या वेळी आपण काही केलेलेच नसते. आपण फक्त तिथे उभे असतो.

आजच्या पाठात या चौथ्या गोष्टीचा विचार करायचा आहे, आणि तोही एका विशिष्ट पापाच्या संदर्भात. माणसाचा वंश, जात, जमात, रंग किंवा बोली पाहून त्याची किंमत ठरवणे हे ते पाप. असा अन्याय करणारे थोडे असतात आणि तो पाहणारे पुष्कळ असतात. त्या पाहणाऱ्यांवर काही जबाबदारी येते काय?

हा विचार आपण चार चित्रपटांच्या आधारे करू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये संपर्कसाधनांविषयी एक स्वतंत्र दस्तऐवज काढला आणि त्यात चित्रपटाचाही विचार केला. चित्रपट माणसाच्या मनावर खोल परिणाम करतो आणि हा परिणाम दोन्ही दिशांनी होतो. १९१५ साली अमेरिकेत 'द बर्थ ऑफ अ नेशन' नावाचा मूकपट आला. त्यात कृष्णवर्णीयांना रानटी दाखवले होते आणि त्यांच्यावर अत्याचार करणाऱ्या 'कू क्लक्स क्लॅन' या संघटनेला शूरवीर ठरवले होते. बंद पडलेली ती संघटना त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली. आपल्याकडेही अनेक हिंदी चित्रपटांत आदिवासी म्हणजे डोक्यात पिसे खोवून नाचणारा जमाव असेच चित्र रंगवले गेले. धडगावच्या किंवा नवापूरच्या मुलाने ते पाहिले की त्याला आपल्या आजोबांचा अभिमान वाटेल की लाज, याचा विचार आपणच करावा. म्हणूनच चांगला चित्रपट निवडून, सोबत बसून पाहावा आणि त्यावर बोलावे.

१. फँड्री : हसणारे लोक

नागराज मंजुळे यांचा हा मराठी चित्रपट फेब्रुवारी २०१४ मध्ये चित्रपटगृहांत आला. 'फँड्री' हा कैकाडी बोलीतला शब्द असून त्याचा अर्थ डुक्कर. जब्या हा कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा. वर्गातली शालू त्याला आवडते. पण गावात शिरलेली डुकरे पकडायची वेळ आली की गाव त्याच्याच घरच्यांना बोलावते.

शेवटच्या भागात जब्याचे सारे कुटुंब शाळेजवळ डुकराच्या मागे धावत असते. गावातले लोक आणि जब्याच्या शाळेतली मुले कठड्यावर बसून सामना पाहावा तसे पाहतात आणि हसतात. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. आईबाप, बहिणी, जब्या, सगळे जागच्या जागी स्तब्ध उभे राहतात आणि डुक्कर समोरून निघून जाते. नंतर डुक्कर काठीला बांधून नेताना ते ज्या भिंतीजवळून जातात, त्या भिंतीवर फुले आणि आंबेडकर यांची चित्रे असतात. अखेर जब्याचा संयम सुटतो. तो दगड भिरकावतो आणि तो दगड थेट कॅमेऱ्याच्या, म्हणजे आपल्या दिशेने येतो.

दगड आपल्याकडे का? आपण तर जब्याच्या बाजूचे असतो. पण त्या गावातले बहुतेक लोकही वाईट नव्हते. त्यांनी कोणाला मारले नाही. त्यांना गंमत वाटली म्हणून ते हसले. अपमान करणारा एकटा असेल तर त्याची हिंमत फार काळ टिकत नाही. आजूबाजूचे हसले की ती वाढते.

आपल्याकडचे उदाहरण पाहा. सातपुड्यातून मुलगा शहाद्याला किंवा नंदुरबारला शिकायला येतो. घरी तो पावरी किंवा भिली बोलतो. वर्गात मराठी बोलताना त्याचा एखादा शब्द चुकतो आणि सगळे हसतात. तो पुन्हा हात वर करत नाही. पुढे आपणच म्हणतो, ही मुले बुजरी असतात.

२. आक्रोश : ठाऊक असूनही गप्प राहणारे

गोविंद निहलानी यांचा 'आक्रोश' हा हिंदी चित्रपट १९८० सालचा. कथा आणि पटकथा विजय तेंडुलकरांची. लहान्या भिकू या आदिवासी मजुरावर आपल्या बायकोच्या खुनाचा आरोप आहे. ओम पुरी यांनी ही भूमिका केली आहे. सरकारने दिलेला तरुण वकील भास्कर कुळकर्णी त्याला पुन्हा पुन्हा विचारतो की खरे काय घडले. लहान्या एक शब्द बोलत नाही. खरे म्हणजे गावातल्या वजनदार मंडळींनी त्याच्या बायकोवर अत्याचार करून तिला ठार केलेले असते आणि खुनाचा आळ त्याच्यावर टाकलेला असतो. गावात अनेकांना हे ठाऊक असते. कोणी साक्षीला उभे राहत नाही.

लहान्या बोलत नाही, कारण बोलून उपयोग नाही हे तो आयुष्यभर शिकला आहे. वडिलांच्या अंत्यसंस्कारासाठी त्याला बेड्या घालून आणले जाते. तिथे तो धाकट्या बहिणीकडे पाहतो. तिचेही बायकोसारखेच होणार अशी त्याची खात्री असते. तो कुऱ्हाड उचलून तिला मारतो आणि मग आकाशाकडे पाहून किंचाळतो. हे कृत्य भयंकर आहे आणि त्याला कोणी योग्य म्हणू शकत नाही. पण तो या टोकापर्यंत कसा आला, या प्रश्नात गावातले सगळे गप्प राहणारे येतात.

या चित्रपटात आणखी एक पात्र आहे. सरकारी वकील दुसाणे हे स्वतः आदिवासी आहेत. शिकून मोठ्या पदाला पोचले आहेत. तरीही त्यांना निनावी फोनवरून जन्मावरून शिव्या ऐकाव्या लागतात. आपल्या जिल्ह्यातल्या ज्या मुलामुलींनी शिकून नोकरी मिळवली, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. 'कोट्यातून आलेला' हा शेरा त्यांच्या पाठीमागे आणि कधी कधी तोंडावरही ऐकू येतो.

लहान्याच्या मौनाचा विचार करताना आपल्या शहादा परिसरातले कवी वाहरू सोनवणे यांची आठवण होते. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना स्थापन झाली. अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदिवासींच्या जमिनी आणि मजुरी यांसाठी लढा दिला. वाहरूदादा त्याच चळवळीतून पुढे आले. त्यांची 'स्टेज' ही कविता एक बोचरी गोष्ट दाखवते. ज्यांचे दुःख आहे ते खालीच बसलेले असतात आणि त्यांचे दुःख मंचावरून दुसरेच कोणी सांगत असते. 'आक्रोश'मध्येही लहान्याच्या वतीने वकीलच बोलतो. 'फँड्री' मात्र वडार समाजात जन्मलेल्या दिग्दर्शकाने, हे सगळे जवळून पाहिलेल्या माणसाने केलेला आहे. हा फरक ध्यानात घ्यावा. दुसऱ्यासाठी बोलणे चांगले, पण त्याला स्वतःला बोलता येईल अशी जागा करून देणे हीसुद्धा आपली जबाबदारी आहे.

३. टू किल अ मॉकिंगबर्ड : जमावातला माणूस

हा इंग्रजी चित्रपट १९६२ सालचा, हार्पर ली यांच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर आधारलेला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यातले एक छोटे गाव आणि १९३०च्या सुमाराचा काळ. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप होतो. ॲटिकस फिंच हा गोरा वकील त्याची बाजू घेतो.

खटल्याच्या आधी एका रात्री गावातले लोक टॉमला ठार मारण्यासाठी तुरुंगाशी जमतात. ॲटिकस एकटाच दाराशी खुर्ची टाकून बसलेला असतो. तेवढ्यात त्याची लहान मुलगी स्काऊट गर्दीत घुसते. गर्दीत तिला ओळखीचे कनिंगहॅम काका दिसतात. ती त्यांना नावाने हाक मारते. तुमचा मुलगा माझ्या वर्गात आहे, त्याला माझा नमस्कार सांगा, असे काहीसे ती बोलत राहते. कनिंगहॅम खाली पाहतात. थोड्या वेळाने ते इतरांना म्हणतात, चला, निघू या. जमाव पांगतो.

कनिंगहॅम हा दुष्ट माणूस नाही. गरीब, कष्टाळू शेतकरी आहे. पण जमावात शिरल्यावर तो कोणाचा बाप किंवा कोणाचा शेजारी राहिला नव्हता. मुलीने नाव घेतले तेव्हा तो पुन्हा माणूस झाला. पूर्वग्रह समोरच्याचे नाव पुसून त्याला 'हे लोक' करतो. आपण जमावात शिरलो की आपलेही नाव पुसले जाते.

पुढे न्यायालयात काय होते? टॉमचा डावा हात लहानपणीच यंत्रात सापडून निकामी झालेला असतो आणि मुलीला मारहाण करणारा डावखुरा होता हे दिसून येते. तरीही पंच म्हणून बसलेले बारा गोरे पुरुष त्याला दोषी ठरवतात. नंतर पळून जाण्याचा प्रयत्न करताना टॉम गोळी लागून मरतो. सत्य सर्वांसमोर आले होते. ते स्वीकारण्याची त्यांची तयारी नव्हती.

४. ट्वेल्व्ह अँग्री मेन : पहिला हात

१९५७ सालच्या या अमेरिकन चित्रपटावरून बासू चटर्जी यांनी १९८६ साली 'एक रुका हुआ फैसला' हा हिंदी चित्रपट केला. आपल्यापैकी अनेकांनी तो दूरदर्शनवर पाहिला असेल. जवळजवळ सगळी कथा एकाच खोलीत घडते. झोपडपट्टीतल्या एका पोरावर बापाच्या खुनाचा आरोप आहे. बारा पंचांनी एकमताने निर्णय द्यायचा आहे. दोषी ठरला तर फाशी. पहिल्या मतदानात अकरा जण दोषी म्हणतात. एकच हात विरोधात वर होतो.

हा बारावा माणूस काय म्हणतो ते नीट ऐकावे. मुलगा निर्दोष आहे असे तो म्हणत नाही. एका मुलाला मरणाच्या दारात पाठवण्यापूर्वी थोडे बोलू या, एवढेच तो म्हणतो. मग एकेक पुरावा तपासला जातो. जो चाकू अगदी वेगळा म्हणून सांगितला होता, तसाच दुसरा बाजारात सहज मिळतो. जो म्हातारा साक्षीदार काही सेकंदांत दारापर्यंत गेलो म्हणाला, त्याला तेवढ्यात पोचणे शक्य नसते. पुरावा कच्चा होता. 'ही झोपडपट्टीची पोरे अशीच असतात' या समजुतीने तो पक्का वाटत होता. पूर्वग्रह बहुतेक वेळा असेच काम करतो. तो नवे खोटे रचत नाही. अर्धवट माहिती पुरेशी आहे असे तो आपल्याला वाटायला लावतो.

एका क्षणी एक पंच त्या वस्तीतल्या लोकांविषयी मनातले सगळे विष ओकू लागतो. इतर पंच एकेक करून टेबलावरून उठतात आणि त्याच्याकडे पाठ फिरवतात. त्याला कोणी मारत नाही. त्याला फक्त श्रोते उरत नाहीत. कठड्यावर बसून हसणारे 'फँड्री'तले लोक आठवा आणि हे पाठ फिरवणारे लोक आठवा. दोन्हीकडे बघणारेच आहेत.

आपला जिल्हा, आपला धर्मग्राम

आपल्या देशात आता ज्युरीची पद्धत नाही. पण गावात पंच आहेत, आणि आपणही कितीतरी वेळा पंच होऊन बसतो. सातपुड्याच्या गावांत मूल दगावले किंवा गुरे मेली की एखाद्या बाईकडे बोट दाखवले जाते. पुष्कळदा ती विधवा असते, एकटी असते. भगत नाव घेतो आणि ती 'डाकीण' ठरते. तिला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते, काही वेळा जीवही जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यांनी ज्यासाठी अनेक वर्षे प्रयत्न केले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी राज्यात लागू झाला. कायदा आहे. पण पंच बसलेले असताना 'थांबा, मुलाला ताप होता, आपण दवाखान्यात नेले नव्हते' एवढे म्हणणारा पहिला आवाज कायदा कुठून आणणार? तो आवाज त्या बैठकीतल्या माणसाचाच असावा लागतो.

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेनुसार इथले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. 'आदिवासी आळशी, आदिवासी दारुडे' ही वाक्ये आपल्यापैकी बहुतेकांनी सोसली आहेत. दिवाळीनंतर आपली माणसे कोयता घेऊन गुजरातेत ऊस तोडायला जातात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी पहाटेपासून राबतात. त्याच माणसांना आळशी म्हटले जाते. हा अन्याय आहे आणि तो बोलून दाखवलाच पाहिजे.

पण जो सोसतो तो कधी करत नाही असे नाही. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी अशा जमाती आपल्या जिल्ह्यात आहेत. कोण वरचा आणि कोण खालचा याचे हिशोब आपल्या मनात नाहीत काय? सोयरिकीच्या वेळी 'ते आपल्यातले नाहीत' हे वाक्य येते. 'मुलगी चांगली आहे, पण सावळी आहे' हे वाक्यही येते. त्या 'पण'मध्ये अलाबामाचा थोडा अंश आहे. गुजरातेत आपण परके ठरतो, त्याचे दुःख आपल्याला होते. मग आपल्या गावी कामाला आलेल्या परप्रांतीयाला आपण कोणत्या नावाने हाक मारतो?

ख्रिस्तसभाही यातून सुटलेली नाही. भारतीय कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांच्या सबलीकरणाचे धोरण जाहीर केले. ख्रिस्तसभेतही जातिभेद पाळला जातो हे त्यात उघडपणे मान्य केले आहे. कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात (परिच्छेद १८६८) इतरांच्या पापात आपण कसे भागीदार होतो ते सांगितले आहे. पापाला मदत करणारा किंवा त्याचे कौतुक करणारा भागीदार होतोच. ज्याच्यावर रोखण्याचे कर्तव्य होते आणि ज्याने रोखले नाही, तोही भागीदार होतो.

प्रभू येशूने स्वतः असा पूर्वग्रह सोसला. तो नाझरेथचा आहे हे ऐकताच तिथून काही चांगले निघेल यावर नथनेलचा विश्वास बसला नाही (योहान १). फिलिपने त्याच्याशी वाद घातला नाही. स्वतः येऊन पाहा, एवढेच तो म्हणाला. नथनेल आला, भेटला आणि त्याचे मत बदलले. पूर्वग्रहावरचा हा जुना उपाय आजही लागू पडतो. दयाळू शोमरोनीच्या दाखल्यात (लूक १०) याजक आणि लेवी यांनी जखमी माणसाला मारले नव्हते. त्यांनी पाहिले आणि ते दुसऱ्या बाजूने निघून गेले. थांबला तो शोमरोनी. ऐकणारे लोक ज्या समाजाला तुच्छ मानत, त्याच समाजातला माणूस येशूने आदर्श म्हणून त्यांच्यापुढे ठेवला.

चित्रपट पाहून डोळ्यांत पाणी येणे चांगले आहे. पण ते पाणी घरी जाईपर्यंत सुकते. जब्यासाठी रडलेला माणूस दुसऱ्या दिवशी कचरा उचलणाऱ्या मुलाला 'ए' म्हणून हाक मारू शकतो. म्हणून या आठवड्यात आपण प्रत्येकाने एक लहान गोष्ट करून पाहावी. जमातीवरून किंवा रंगावरून केलेल्या विनोदाला हसू नये. ज्याला आपण कामावरून किंवा जातीवरून ओळखतो, त्याचे नाव विचारावे. चारजण एखाद्याविषयी निकाल देत असतील, तर 'आपण खात्री केली आहे का?' एवढे तरी विचारावे. आवाज मोठा नसला तरी चालेल.

कुटुंबात, युवा गटात किंवा लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी

('आक्रोश' फक्त प्रौढांनी पाहावा. 'फँड्री' किशोरवयीन मुलांनी मोठ्यांसोबत पाहावा, त्यात शिव्या आहेत. 'एक रुका हुआ फैसला' घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहता येईल.)

१. 'फँड्री'त कठड्यावर बसलेल्यांपैकी एकाने उठून काय करायला हवे होते? त्याला त्याची काय किंमत द्यावी लागली असती?

२. लहान्या भिकू आपल्या गावात असता, तर कोणाजवळ बोलला असता? आपल्याजवळ बोलला असता काय?

३. आपल्या घरात मुलांच्या कानांवर कोणत्या जमातीविषयी किंवा धर्माविषयी कोणती वाक्ये नेहमी पडतात?

४. आपल्या धर्मग्रामात वाचन, गायन, समित्या आणि सणांची तयारी यांत कोणाचा आवाज ऐकू येतो आणि कोण नेहमी मागे बसलेला असतो?

५. गावात एखाद्या बाईवर डाकीण असल्याचा आळ आला, तर त्याच दिवशी आपण कोणाकोणाला एकत्र करू शकतो? पोलीस पाटील, शिक्षक, आरोग्यसेविका, धर्मभगिनी, धर्मगुरू यांची नावे आजच लिहून ठेवावीत.

जिथे उभे राहून पाहतो आहोत तिथून एक पाऊल पुढे टाकण्याची कृपा प्रभू आपणां सर्वांना देवो.